मॅक्रो लेन्स घ्यावी की पोर्ट्रेट लेन्स?

माणसांचे फोटो काढायची गोडी लागली की पुढची लेन्स म्हणून ८५ एमएम एफ/१.८ चं नाव हमखास निघतं. ते निघतं न निघतं तोच दुसरा सल्ला येतो: "त्यापेक्षा १०० एमएम मॅक्रो घ्या. पोर्ट्रेटही होतील, फुलं-किडेही होतील." एका लेन्समध्ये दोन कामं होणार असतील तर मोह होणारच. या सल्ल्यात खोटं काही नाही, मॅक्रो लेन्सने, म्हणजे लहान वस्तू अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सने, उत्तम पोर्ट्रेट निघतात. पण तो देताना दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. पोर्ट्रेट काढताना मॅक्रोला काय कमी पडतं, ही पहिली. आणि तुम्हाला जे 'अगदी जवळून' हवंय ते नेमकं किती जवळून, ही दुसरी.

माझं मत आधीच मांडतो. जवळ जाण्याची क्षमता जवळजवळ कुठल्याही लेन्सला नंतर थोडीफार जोडता येते. मोठं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं लेन्सचं छिद्र, मात्र कशानेच जोडता येत नाही (एफ/१.८ मधला आकडा जितका लहान, तितकं हे छिद्र मोठं). त्यामुळे ज्याचा मुख्य विषय माणूस आहे आणि जवळून काढायचे फोटो अधूनमधून लागतात, त्याने पोर्ट्रेट लेन्स घ्यावी. ज्याला छोट्या गोष्टींचं जग खरोखर खुणावतंय, त्याने मॅक्रो घ्यावी आणि तिने निश्चिंतपणे माणसांचेही फोटो काढावेत. हे असं का, ते समजायला दोन्ही लेन्स मुळात कशासाठी जन्मल्या ते पाहिलेलं बरं.

१८४० साली व्हिएन्ना विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी खास पोर्ट्रेटसाठी एक लेन्स गणित मांडून तयार केली आणि लेन्स बनवणारे फोइग्टलेंडर यांनी ती बनवली. फोटोग्राफी तेव्हा जेमतेम वर्षाची होती आणि एका फोटोसाठी माणसाला मिनिटंच्या मिनिटं निश्चल बसावं लागे. पेट्झवाल यांच्या लेन्सचं ॲपर्चर साधारण एफ/३.६ होतं, त्या काळाच्या मानाने प्रचंड मोठं. तिच्यातून इतका जास्त प्रकाश आत येई की चेहऱ्याचा फोटो काढणं माणसाच्या सोसण्यातलं झालं. फ्रेमच्या कडांना चित्र मऊ पडे, गोल फिरल्यासारखं दिसे. पण चेहरा मध्यभागी असे, त्यामुळे त्याचं कुणाला फारसं वाटलं नाही. आज ती फिरकी हौसेने शोधली जाते.

मॅक्रोचं मूळ अगदी वेगळ्या ठिकाणी आहे. निप्पॉन कोगाकू, म्हणजे आजची निकॉन, हिने १९५६ मध्ये ५ सेंटिमीटर एफ/३.५ ची मायक्रो-निक्कोर काढली. जपानी कागदपत्रं मायक्रोफिल्मवर उतरवताना कांजी लिपीतल्या बारीक रेघा एकमेकींत मिसळून जात होत्या, आणि ती अडचण सोडवण्यातून ही लेन्स आली. सपाट कागद, तोही जवळून, आणि कोपऱ्यातलं अक्षरही मधल्या अक्षराइतकंच स्पष्ट हवं. निकॉन आजही आपल्या मॅक्रो लेन्सना मायक्रो म्हणते.

प्रकाशाच्या भुकेतून आलेली एक आणि कोपऱ्यापर्यंतच्या अचूकतेसाठी घडवलेली दुसरी. पुढे येणारे जवळपास सगळे फरक इथूनच निघतात.

एकास एक म्हणजे किती मोठं?

मॅक्रो लेन्सच्या माहितीत १:१ किंवा १x असा आकडा असतो. त्याचा अर्थ, वस्तू प्रत्यक्षात जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पडते. फुल फ्रेम सेन्सर, म्हणजे जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर, ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असतो. म्हणजे १:१ वर ३६ मिमी रुंदीची वस्तू फ्रेम काठोकाठ भरते. १:२ वर ७२ मिमी रुंदीचा भाग फ्रेममध्ये मावतो, १:४ वर १४४ मिमी.

आता हा आकडा तुम्हाला काढायच्या असलेल्या फोटोंना लावून बघा. डोक्यापासून छातीपर्यंतच्या पोर्ट्रेटमध्ये फ्रेमची लांब बाजू साधारण ६० सेंटिमीटरचा भाग टिपते, म्हणजे जवळपास १:१७. फक्त चेहरा फ्रेमभर हवा असेल तर १:८. तान्ह्या बाळाची मूठ १:३ ते १:४ मध्ये मजेत बसते. हाताच्या पंजाएवढं फूल १:४ किंवा त्याहूनही कमी मागतं. सहा-सात सेंटिमीटर पंखविस्ताराचं फुलपाखरू १:२ वर फ्रेम भरून टाकतं, १:१ वर तर त्याचे पंख बाहेर जातील. खरोखर १:१ कधी लागतं? मधमाशीच्या डोळ्यांपाशी जायचं असेल तेव्हा, पाकळीवरच्या दवबिंदूसाठी, अंगठीतल्या खड्यासाठी, मुंगीसाठी.

मला वाटतं, हा हिशेब लेन्स घेण्याआधी प्रत्येकाने करावा. 'मला मॅक्रो आवडतं' म्हणणाऱ्या कितीतरी जणांच्या आवडीचे फोटो १:४ ते १:२ या पट्ट्यातले असतात. फुलं, पानं, फुलपाखरं, बाळाची बोटं, दागिने, टेबलावर मांडलेल्या वस्तू. त्यांना जवळ जाणारी लेन्स लागते हे खरं, पण ती १:१ चीच लागते असं नाही.

नेहमीची पोर्ट्रेट लेन्स या मोजपट्टीवर कुठे बसते? कॅननच्या जुन्या ईएफ ८५ एमएम एफ/१.८ चं सर्वांत कमी फोकस अंतर ८५ सेंटिमीटर आहे आणि तिथे ती ०.१३x देते. सोनीची ८५ एमएम एफ/१.८ सुद्धा ८० सेंटिमीटरवर ०.१३x देते. म्हणजे फ्रेममध्ये साधारण २८ सेंटिमीटर रुंदीचा भाग. चेहरा भरून येतो आणि गाडी तिथेच थांबते. फक्त डोळा हवा, फक्त बोटं हवीत, तर पुढे सरकलात की फोकस लागतच नाही. पोर्ट्रेट लेन्स नवीन घेणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो हाच.

दुकानात किंवा जाहिरातीत 'मॅक्रो' हा शब्द झूम लेन्सवरही छापलेला दिसतो. तिथे बहुतेक वेळा मजल १:४ किंवा १:३ पर्यंतच असते. शब्द सोडून द्या, मॅग्निफिकेशनचा, म्हणजे हा १:१ किंवा १:४ चा, आकडा वाचा.

चेहऱ्याला काय लागतं

चेहरा चांगला दिसतो तो मुळात अंतरामुळे, फोकल लेंथमुळे (लेन्सच्या नावातला ८५ किंवा १०० एमएमचा आकडा; तो जितका जास्त, तितकं दूरचं मोठं दिसतं) तो दिसत नाही. ५० सेंटिमीटरवरून फोटो काढला आणि नाकाच्या टोकापासून कानापर्यंतचं अंतर १२ सेंटिमीटर धरलं, तर कॅमेऱ्यापासून नाक ५० वर आणि कान ६२ वर. नाक कानाच्या तुलनेत सुमारे २४ टक्के मोठं उमटणार. तेच दीड मीटरवरून काढलं तर फरक ८ टक्क्यांवर येतो आणि चेहरा आपल्याला ओळखीचा वाटतो. दीड-दोन मीटरवर उभं राहून डोकं-खांदे फ्रेममध्ये बसवायचे तर फुल फ्रेमवर ८५ ते १०५ एमएम लागते. पोर्ट्रेट लेन्सच्या फोकल लेंथचं गुपित एवढंच आहे.

बहुतेक लोकप्रिय मॅक्रो लेन्स ९०, १०० किंवा १०५ एमएमच्या असतात. त्यामुळे चेहऱ्याच्या ठेवणीत मॅक्रो कणभरही मागे पडत नाही. इथपर्यंत 'एकात दोन' हा सल्ला शंभर टक्के खरा.

फरक सुरू होतो ॲपर्चरपाशी. पोर्ट्रेट लेन्स एफ/१.८, एफ/१.४, क्वचित एफ/१.२ पर्यंत उघडते, या फोकल लेंथची मॅक्रो साधारणपणे एफ/२.८ वर थांबते. एफ/१.८ मधून एफ/२.८ च्या जवळपास २.४ पट प्रकाश आत येतो, एफ/१.४ मधून ४ पट. संध्याकाळी घरात, खिडकीपासून दूर, एफ/१.८ वर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १६०० पुरत असेल तर त्याच शटर स्पीडला एफ/२.८ वर आयएसओ ४००० च्या आसपास जावं लागेल. किंवा आयएसओ तेवढाच ठेवून शटर १/२५० वरून १/१०० वर आणावा लागेल, आणि हसता-बोलता माणूस १/१०० ला हलका हलतोच. बऱ्याच मॅक्रो लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असतं, पण ते तुमच्या हाताची थरथर सावरतं. समोरच्या मुलाची धावपळ ते थांबवू शकत नाही.

दुसरा मुद्दा पार्श्वभूमीचा. त्याच्याबद्दल बोलताना बहुतेक जण फक्त एफ-नंबर बघतात आणि चुकतात. एक सोपा नियम आहे. खूप दूर असलेल्या दिव्याची धूसर चकती किती मोठी दिसेल? तुम्ही ज्या चेहऱ्यावर फोकस केलाय त्या चेहऱ्याच्या पातळीवर मोजली, तर ती लेन्सच्या उघड्या छिद्राच्या व्यासाएवढी असते. छिद्राचा व्यास म्हणजे फोकल लेंथ भागिले एफ-नंबर. ८५ एमएम एफ/१.८ चा व्यास ४७ मिमी, ८५ एमएम एफ/१.४ चा ६१ मिमी, १०० एमएम एफ/२.८ चा ३६ मिमी. म्हणजे एफ/१.८ च्या पोर्ट्रेट लेन्समध्ये मागचा दिवा चेहऱ्याशेजारी ४७ मिमीचा गोळा होऊन दिसेल, मॅक्रोमध्ये ३६ मिमीचा. फरक आहे, पण १.८ आणि २.८ हे आकडे वाचून वाटतो तेवढा नाही, कारण मॅक्रोची फोकल लेंथ थोडी जास्त असते. मात्र ८५ एमएम एफ/१.४ शी तुलना केलीत तर दरी मोठी आहे.

हा फरक सगळ्या फोटोंमध्ये सारखा जाणवत नाही, आणि निवडीच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे. चेहरा फ्रेमभर घेतला असेल तर ३६ मिमीची चकतीसुद्धा फ्रेमच्या मानाने मोठीच असते. मागचं सगळं विरघळून जातं. उलट माणूस नखशिखांत घेतलात, म्हणजे फ्रेम दोन मीटरची झाली, तर ३६ मिमीची चकती तिच्यात किरकोळ ठरते आणि मागची झाडं, खिडक्या, माणसं ओळखू येऊ लागतात. इथे एफ/१.४ ची लेन्स माणसाला पार्श्वभूमीपासून जसं अलग करते तसं मॅक्रोला जमत नाही. पूर्णाकृती पोर्ट्रेट हा ज्याचा आवडता प्रकार आहे त्याने मॅक्रोवर समाधान मानू नये.

जवळच्या चेहऱ्याची गोष्ट उलटी आहे. चेहरा १:८ वर घेतला की एफ/१.८ ला स्पष्ट राहणारा थर एक सेंटिमीटरही जाड नसतो. माणसाने मान जराशी वळवली की जवळचा डोळा तीक्ष्ण आणि लांबचा डोळा पुसट. अनुभवी फोटोग्राफर अशा वेळी लेन्स मुद्दाम एफ/२.८ किंवा एफ/४ ला बंद करतात. मग मॅक्रोचं एफ/२.८ तिथे कमी पडतं असं कसं म्हणायचं? डोकं-खांद्यांच्या फ्रेममध्येही एफ/१.८ ला हा थर तीन सेंटिमीटरच्या आसपास असतो, एफ/२.८ ला पाच. दोन्ही वापरण्याजोगे आहेत, फोटोचा भाव वेगळा येतो एवढंच.

'मॅक्रो फार शार्प असते, त्वचा वाईट दिसते'

हा आक्षेप इतक्या वेळा ऐकू येतो की त्यावर थोडं थांबायला हवं. मला तो बराचसा फुगवलेला वाटतो. आजच्या चांगल्या ८५ एमएम लेन्स एफ/२.८ ला मॅक्रोइतकीच त्वचेची छिद्रं दाखवतात. स्टुडिओत एफ/८ ला तर दोघींत फरक ओळखणं कठीण. त्वचा खरखरीत दिसते ती बहुतेक वेळा प्रकाशामुळे. बाजूने, लहान आणि कडक स्रोतातून प्रकाश आला की प्रत्येक छिद्राला सावली मिळते. मोठ्या खिडकीतून किंवा सॉफ्टबॉक्समधून समोरून आला की त्या सावल्या भरून निघतात. लेन्सने टिपलेला तपशील नंतर हवा तेवढा सौम्य करता येतो. न टिपलेला परत आणता येत नाही.

या आक्षेपाच्या मागे एक खरी गोष्ट दडलेली आहे, पण ती फोकसमधल्या भागाबद्दल नसून फोकसबाहेरच्या भागाबद्दल आहे. लेन्समध्ये गोलीय विपथन नावाचा दोष असतो: काचेच्या कडेतून आलेले किरण आणि मधून आलेले किरण नेमके एकाच बिंदूत मिळत नाहीत. पोर्ट्रेट लेन्स घडवताना हा दोष कधीकधी जाणूनबुजून थोडा शिल्लक ठेवतात. त्यामुळे मागच्या धूसर चकत्यांच्या कडा मऊ होतात आणि पार्श्वभूमी लोण्यासारखी पसरते. मॅक्रोत हा दोष काटेकोरपणे काढून टाकलेला असतो, त्यामुळे काही मॅक्रो लेन्समध्ये चकत्यांच्या कडा जरा ठळक राहतात आणि मागे फांद्या-पानांची गर्दी असेल तर ती अस्वस्थ दिसते.

लेन्स बनवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. निकॉनने १९९० च्या दशकात १३५ एमएम आणि १०५ एमएम एफ/२ च्या दोन लेन्स काढल्या होत्या, त्यांवर पुढचा किंवा मागचा धूसरपणा बदलणारी वेगळी रिंग होती. कॅननच्या २०२१ च्या आरएफ १०० एमएम एफ/२.८ मॅक्रोवर तर चक्क हे विपथन कमी-जास्त करणारी रिंग दिलेली आहे. मॅक्रो लेन्सनेही पोर्ट्रेट काढले जातात, हे कंपनीने गृहीत धरूनच ती बनवली. तीच लेन्स १:१ च्याही पुढे, १.४x पर्यंत जाते.

मॅक्रोच्या बाजूनेही एक गुण नोंदवायला हवा. स्वस्तातल्या मोठ्या ॲपर्चरच्या लेन्स पूर्ण उघडल्यावर फोकसच्या पुढे जांभळट आणि मागे हिरवट किनार देतात. पापण्यांवर, चष्म्याच्या दांडीवर, चांदीच्या दागिन्यावर ती हमखास दिसते. मॅक्रो लेन्समध्ये रंगांची ही गळती सहसा फार कमी असते.

फोकसचा स्वभाव

मॅक्रोला अनंतापासून अगदी नाकासमोरच्या वस्तूपर्यंत फोकस न्यायचा असतो. हा पल्ला लांब आहे. ऑटोफोकस चुकला तर लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत येते आणि तोवर चेहऱ्यावरचं हसू निघून गेलेलं असतं. म्हणून बऱ्याच मॅक्रोंवर फोकस लिमिटर नावाचं बटण असतं. कॅननच्या २००९ च्या ईएफ १०० एमएम एफ/२.८ एल मॅक्रोवर तीन पर्याय आहेत: पूर्ण पल्ला, फक्त ३० ते ५० सेंटिमीटर, आणि ५० सेंटिमीटरपासून पुढे. माणसांचे फोटो काढताना तिसऱ्यावर ठेवायचं, एवढ्याने निम्मी तक्रार मिटते. मिररलेस कॅमेऱ्यांच्या डोळा ओळखणाऱ्या ऑटोफोकसमुळे नव्या मॅक्रो लेन्स या बाबतीत खूप सुधारल्या आहेत. तरीही धावत्या मुलामागे लागायचं असेल तर मी पोर्ट्रेट लेन्सच हातात घेईन.

जवळच्या टोकाला मात्र ऑटोफोकस जवळपास विसरावा लागतो. १:१ वर एफ/८ ला स्पष्ट थर साधारण एक मिलिमीटरचा असतो. एक मिलिमीटर! श्वास घेतला तरी फोकस निसटतो. लेन्स हव्या त्या मॅग्निफिकेशनला स्थिर ठेवायची, आणि अंग किंचित पुढे-मागे करत डोळा तीक्ष्ण दिसला त्या क्षणी शटर दाबायचं, ही इथली रीत. शिवाय १:१ वर लेन्समधून येणारा प्रकाश साधारण दोन स्टॉपने घटतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे एफ/२.८ लावलेली लेन्स एफ/५.६ सारखी वागते. एफ/१६ पर्यंत बंद केली तर ती एफ/३२ सारखी वागते आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच चित्र मऊ पडतं. म्हणून कीटकांचे फोटो काढणारे बहुतेक जण एफ/८ ते एफ/११ मध्ये राहतात आणि डिफ्यूझर लावलेला फ्लॅश वापरतात. मॅक्रोला एफ/२.८ पेक्षा मोठं ॲपर्चर सहसा का देत नाहीत, तेही इथे कळतं. तिच्या मूळ कामात त्याचा फारसा उपयोगच नाही.

अंतराबद्दलही एक खुलासा. १०० एमएम मॅक्रोचं कमीत कमी फोकस अंतर सुमारे ३० सेंटिमीटर लिहिलेलं असतं, पण ते सेन्सरपासून मोजतात. लेन्सच्या पुढच्या काचेपासून किड्यापर्यंत जेमतेम १४-१५ सेंटिमीटर उरतात. ५० किंवा ६० एमएम मॅक्रोमध्ये तर ते याहूनही कमी असतात, लेन्सची सावली विषयावर पडते आणि फुलपाखरू उडून जातं. कीटकांसाठी ९० एमएमपेक्षा कमी फोकल लेंथची मॅक्रो घेऊ नका.

पोर्ट्रेट लेन्स जवळ कशी न्यायची

दोन साधनं आहेत. पहिलं, एक्सटेन्शन ट्यूब: कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी, आत काच नाही. नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंथ, एवढं मॅग्निफिकेशन वाढतं. ८५ एमएमवर २५ मिमीची नळी लावली तर ०.२९x ची भर पडते, लेन्सचं स्वतःचं ०.१३x धरून साधारण ०.४२x. फ्रेममध्ये साडेआठ सेंटिमीटरचा भाग, म्हणजे जवळपास १:२. फुलपाखराला आणि बाळाच्या बोटांना हे पुरतं. नळी लावल्यावर दूरचा फोकस लागत नाही, पुन्हा पोर्ट्रेट काढायचं तर ती काढावी लागते. विजेचे संपर्कबिंदू असलेलीच नळी घ्या, नाहीतर आजच्या लेन्समध्ये ॲपर्चर आणि ऑटोफोकस कॅमेऱ्याच्या ताब्यात राहत नाहीत.

दुसरं साधन, लेन्सच्या तोंडाशी लावायचं क्लोज-अप भिंग. एका काचेची स्वस्त भिंगं कडांना रंग सोडतात. दोन काचा जोडून केलेली, ॲक्रोमॅट प्रकारची, खूप चांगली असतात. डायॉप्टर म्हणजे चष्म्याच्या नंबरासारखी भिंगाची ताकद. +२ डायॉप्टरचं भिंग लावलं की अनंतावर फोकस केलेली लेन्स ५० सेंटिमीटरवर स्पष्ट दिसू लागते. रेनॉक्सचं डीसीआर-२५० हे ८ डायॉप्टरचं भिंग चिमट्यासारखं पटकन अडकवता येतं आणि ८५ एमएमवर १:१.५ च्या आसपास नेतं, मात्र विषय १२ सेंटिमीटरवर यावा लागतो.

या दोन्हींनी पोर्ट्रेट लेन्सची मॅक्रो होत नाही. ती या अंतरासाठी घडवलेलीच नाही. पूर्ण उघड्या ॲपर्चरला चित्र धुकट होतं, कोपरे ढासळतात, सपाट वस्तू मध्यभागी स्पष्ट आणि कडेला अस्पष्ट येते. नाणी, तिकिटं, जुनी कागदपत्रं, फिल्मच्या निगेटिव्ह यांसाठी हा मार्ग धरू नका. तिथे मॅक्रोला पर्याय नाही. फुलाच्या आणि फुलपाखराच्या फोटोत कोपऱ्यात बहुधा हिरवा धूसरपणाच असतो, तिथे एफ/५.६ किंवा एफ/८ ला हे उणेपण लक्षातही येत नाही.

मधली वाटही आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. टॅमरॉनने १९७९ मध्ये ९० एमएम एफ/२.५ ची मॅक्रो काढली, ती स्वतः फक्त १:२ पर्यंत जायची, आणि पोर्ट्रेट काढणाऱ्यांनीच तिला नावारूपाला आणलं. कॅननची आरएफ ८५ एमएम एफ/२ मॅक्रो त्याच विचाराची आहे: ॲपर्चर एफ/२, मॅग्निफिकेशन १:२, सोबत स्टॅबिलायझेशन. तिचा ऑटोफोकस फार चपळ नाही, पण माणसं, बाळं आणि फुलं एवढंच ज्याचं जग आहे आणि ज्याच्या कॅमेऱ्याला ती बसते, त्याने तिचा आधी विचार करावा.

क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, गणित बदलतं. १०० एमएम मॅक्रो तिथे १५०-१६० एमएमसारखी वागते. किड्यांसाठी हे वरदान, पण खोलीत माणसाचं अर्धं शरीर घ्यायचं तर पाठ भिंतीला टेकते. क्रॉपवर ६० एमएम मॅक्रो चेहऱ्याला छान बसते, पण कीटकांना कमी पडते. त्यामुळे क्रॉप सेन्सरवर एकाच लेन्सने दोन्ही साधणं फुल फ्रेमपेक्षा अवघड आहे. तिथे माझा कल ५० किंवा ५६ एमएमची मोठ्या ॲपर्चरची लेन्स आणि एक नळी, याच जोडीकडे राहील. ५० एमएमवर २५ मिमीची नळी एकटीच ०.५x देते.

काहीही विकत घेण्याआधी एक चाचणी घरीच करून बघा. हातात आहे ती लेन्स तिच्या सर्वांत जवळच्या फोकसवर ठेवा (झूम असेल तर सर्वांत लांब टोकाला), मॅन्युअल फोकसवर टाका आणि एका मोजपट्टीचा आडवा फोटो काढा. फ्रेमच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत किती मिलिमीटर दिसतात ते वाचा आणि सेन्सरच्या रुंदीला त्याने भागा. क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या १८-५५ एमएम लेन्ससुद्धा बऱ्याचदा ६०-६५ मिमीपर्यंत जातात, म्हणजे १:३ च्या थोडं पुढे. त्याच लेन्सने आठवडाभर फुलं आणि फुलपाखरं काढून पाहा. अजून जवळ जायची तळमळ होत असेल तर मॅक्रो घ्या. तेवढ्यावर मन भरत असेल तर पैसे मोठ्या ॲपर्चरसाठी ठेवा.